उभ्यांच्या दुकानातलं स्टूल

मी तयार कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममधलं स्टूल बोलतोय. तुम्ही मला नक्की पाहिलं असेल, पण माझ्यावर पिशव्या ठेवण्यापुरतंच. सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला बनवलं. एक पाय आखूड राहिला, म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे.

माणसं आरशासमोर काय करतात ते मला विचारा. श्वास ओढून पोट आत घेतात, बटण लागलं की खूश होतात आणि कपडा न घेताच निघून जातात.

या दुकानाचा नियम असा, की शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंत विकणाऱ्या मुलींनी बसायचं नाही. नियम मालकाचा, पण तो डोळ्यांत तेल घालून पाळून घ्यायच्या त्या सुपरवायझर बाई.

लहान मुलांच्या कपड्यांवर एक मुलगी होती. अंगाने किरकोळ, म्हणून सगळ्या तिला बारकी म्हणायच्या. रडक्या पोरांना हसवून ती त्यांच्या आयांच्या गळ्यात एकाऐवजी तीन कपडे मारायची. पण महिन्यातून दोन-तीन दिवस ती माझ्याकडे यायची, कडी लावायची, माझ्यावर बसून कपाळ गुडघ्यांना टेकवायची. तोंडात रुमाल कोंबलेला. पाच-सात मिनिटांनी गालांना चिमटे काढून रंग आणायची आणि बाहेर जाऊन विचारायची, यातच निळा दाखवू का? पुढे दोन-तीन दिवसांचे आठ-दहा झाले.

मोठ्या बहिणीशी ती फोनवर कुजबुजायची, त्यातून मला सगळं कळलं. एक डॉक्टर म्हणाले, पाळीतलं दुखणं लग्न झालं की थांबेल. दुसऱ्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. सोनोग्राफीत काही निघालं नाही, तेव्हा आईसुद्धा म्हणाली की मशीन काय खोटं बोलतंय? अशी आठ वर्षं गेली. मला संताप येतो. इथे कपडा टोचतो म्हटलं की लगेच बदलून मिळतो, गिऱ्हाइकाकडे कुणी पुरावा मागत नाही.

शेवटी एका डॉक्टरीण बाईंनी विचारलं, दुखतं तेव्हा तुला काय काय सोडून द्यावं लागतं? बारकी तिथेच रडली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि दुखण्याला नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं, बीजकोशावर, आतड्यांवर. सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. सोनोग्राफीत ते दर वेळी दिसतंच असं नाही. ऑपरेशनने आराम पडतो, पण ते पुन्हा उद्भवू शकतं.

"ताई, मी नाटक करत नव्हते गं," एवढंच ती बहिणीला म्हणाली.

महिन्याभराने ती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सुपरवायझर बाईंपुढे उभी राहिली. मागणं साधं होतं. त्रासाच्या दिवसांत काउंटरमागे बसून विकू द्या, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. बाई "बघते" म्हणाल्या आणि चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. कडी लावली. बसून वाचली, पुन्हा वाचली. मूल राहायला अडचण येऊ शकते, या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. बाईंना मूल नाही, आणि त्यांच्या पाठीमागे त्यावर काय काय बोललं जातं तेही मी ऐकलेलं आहे. मग बाई वाकल्या, कपाळ गुडघ्यांना टेकलं, रुमाल तोंडात गेला. अगदी बारकीसारखं.

मला वाटलं, पोरीचं काम झालं. बाई तोंड पुसून बाहेर गेल्या.

"एकीला बसू दिलं की सगळ्या बसतील. बावीस वर्षं उभी आहे मी. मला काय दुखलं नाही?"

"दुखत होतं, तर उभ्या का राहिलात, बाई?" बारकीने विचारलं.

चिठ्ठी परत न मागताच बारकी निघून गेली. बाईंनी ती चिठ्ठी खरी मानली असती, तर बावीस वर्षं उगाच सोसली असं ठरलं असतं. ते कबूल करायला छाती लागते.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी मला स्टोअररूममध्ये टाकलं. बारकी आता कुठेतरी फोनवर तक्रारी ऐकून घ्यायच्या कामाला आहे असं मुली सांगतात. दुखणं गेलेलं नाही, पण बुडाखाली खुर्ची आहे.

आणि बाई? त्या इथे येतात. खोकी सरकवून कडी लावतात आणि माझ्यावर बसतात. ती चिठ्ठी त्यांच्या पर्समध्येच असते, घड्यांवर फाटत आली आहे. आज त्यांनी त्यावरचा दवाखान्याचा नंबर निम्मा लावला. तेवढ्यात बाहेरून हाक आली. त्यांनी फोनवरचे आकडे पुसले आणि "आले" म्हणून उठल्या.

मी लाकूड, मला त्यांना धरून ठेवता येत नाही. तुम्हाला हात आहेत. अशी कुणी बाई तुमच्या घरात असेल, तर तिच्या सोसण्याचं कौतुक करू नका. तिला बसवा आणि कुठे दुखतं ते विचारा.