चिलटांचं आयुष्य आणि मनकर्णाची सुई

आमची ज्ञानेश्वरी पुण्यात चिलटांवर संशोधन करते, हे मी सोनईच्या बाजारात भेटेल त्याला सांगतो. कुणी हसला तर त्याला थांबवून पुन्हा सांगतो. केळ्यांवर बसणाऱ्या चिलटांच्या मेंदूत इन्सुलिनचा निरोप थोडा मंद केला, तर ती जास्त दिवस जगतात. हे माझ्या पोरीनं स्वतः पाहिलंय. तुमच्या पोरांनी काय पाहिलं?

पण हे कौतुक माझ्या घरातच अंगाशी आलं. तिची आई मनकर्णा शुगरची पेशंट, रोज इन्सुलिनची सुई घेणारी. फोनवर लेकीचा शोध ऐकला आणि हिनं मला न सांगता सुई बंद केली. गोठ्यात चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं. दवाखान्यात शुगर पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सुई द्यायला गेले, तर हिनं हात झटकला.

"इन्सुलिन कमी, तर आयुष्य जास्त. माझ्या लेकीनं शोधलंय. डागदर काय तिच्यापरीस शहाना हाय?"

मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. बाई ढिम्म. सुई घ्यायची म्हणजे पोरीला खोटं पाडायचं, असं तिनं डोक्यात घेतलेलं. मग मी ज्ञानेश्वरीला फोन लावला. मिळेल त्या गाडीनं ती तडक दवाखान्यात आली आणि आईचा हात धरून खाटेवर बसली.

"आई, चिलटांना शुगर नव्हती. आम्ही फक्त त्यांच्या मेंदूतल्या थोड्या पेशींना छेडलं. तुझ्या अंगात इन्सुलिन मुळातच कमी पडतंय. सुई सोडलीस तर तू जाशील."

"आन मान्साच्या मेंदूचं काय?"

शेजारचे आप्पासाहेब, राहीबाई भेटायला आलेले. मी कान टवकारले. आता पोरगी काहीतरी जबरदस्त सांगणार!

"अजून ठाऊक नाही, आई. मलाच काय, कुणालाच नाही."

माझं तोंड उतरलं. एवढं शिकून चारचौघांत असं बोलते! पण तिची नजर जरासुद्धा खाली गेली नाही, आणि माझा ऊर भरून आला. आमच्या घराण्यात 'ठाऊक नाही' असं कुणी कबूल केलेलं मला तरी आठवत नाही.

"तू शोधतीयास न्हवं?" मनकर्णानं विचारलं.

"हो, आई."

मनकर्णानं सुईसाठी पोटावरचा पदर बाजूला केला.

"मंग तुला कळंल तवा ऐकाया मी पायजे. अवो, बोलवा त्या डागदरला."