शेवटचं वाचन

“पुढे,” थोरली म्हणाली.

समोर बसलेल्या धाकटीने इंग्रजीतली पुढची ओळ मोठ्याने वाचली. लेबलांच्या भाषांतराच्या त्या कचेरीत हीच रीत होती. जिने भाषांतर केलं तिने आपलं इंग्रजी वाचायचं, दुसरीने मूळ स्पॅनिशवर बोट ठेवून ताडून बघायचं आणि ओळ जुळली की ‘पुढे’ म्हणायचं. फरशी पुसायच्या द्रवापासून उंदरांच्या औषधापर्यंत कुठलाही धोक्याचा मजकूर असा वाचल्याशिवाय छापखान्यात जात नसे.

दोघी सख्ख्या जावा. थोरलीनेच धाकटीला इथे आणलं होतं. आणलं म्हणजे काय, मालकीणबाईंजवळ शब्द टाकला आणि घरी भाजी निवडता निवडता तिच्याकडून एकेक शब्द घोटून घेतला. ‘नोसिवो’ म्हणजे ‘हार्मफुल’, अपाय होईल. ‘तोक्सिको’ म्हणजे ‘टॉक्सिक’, विषारी. ‘मोर्ताल’ म्हणजे ‘फेटल’, जीव जाईल. “इथे आपली हुशारी चालवायची नाही,” तिने बजावलं होतं. “ठरलेल्या शब्दाला ठरलेलाच शब्द.” धाकटीने मान डोलावली आणि बघता बघता अशी काही तयार झाली की मालकीणबाई येताजाता तिच्या टेबलाशी थांबू लागल्या. थोरलीच्या टेबलाशी त्या थांबत ते फक्त पंखा कमी करायला.

घरीही तेच. “धाकटीचं इंग्रजी कसं अगदी पाण्यासारखं वाहतं, नाही?” सासूबाई म्हणायच्या. “हो ना,” असं म्हणत थोरली कुकरचं झाकण जरा जोरातच लावायची. नवऱ्याजवळ मन मोकळं करावं, तर तो म्हणे, “अगं, तूच शिकवलंस ना तिला? मग कौतुक तुझंच की!” जावाजावांमधलं पुरुषाला काय कळणार, कपाळ! पोटात नुसती आग पडायची आणि वर हसऱ्या तोंडाने धाकटीला चहा द्यायचा.

त्यात शेवटचं वाचन करणारे काका निवृत्त झाले. खिडकीजवळची त्यांची खुर्ची म्हणजे कचेरीतला शेवटचा शब्द. केस पांढरे व्हायला लागले तरी थोरली त्या खुर्चीवर डोळे लावून होती. आणि मालकीणबाईंनी आज सकाळी काय सांगावं? “आज तुम्ही जे पाठवाल ते मीच बघते आणि संध्याकाळी सांगते, दोघींपैकी कोण ते.”

दोघींपैकी! थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आजचा मजकूर होता धान्याच्या गोदामात ठेवायच्या गोळ्यांचा. हवा लागली की या गोळ्यांतून वायू सुटतो आणि कीड मरते. धाकटी वाचत होती, “श्वासावाटे आत गेल्यास हार्मफुल.”

थोरलीचं बोट थांबलं. बोटाखालचा शब्द होता मोर्ताल.

काय झालं ते तिला तिथल्या तिथे कळलं. त्याच कंपनीच्या झुरळांच्या फवाऱ्याचं लेबल धाकटीने मागे केलं होतं. तेच पुढ्यात घेऊन तिने नाव बदललं, बाकीचं बदललं आणि ही एक ओळ तशीच राहून गेली. सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण संध्याकाळी मालकीणबाई बघणारच आहेत, तर बघू देत की. पाण्यासारखं वाहतं ना इंग्रजी? मग कळू दे एकदा त्या पाण्याची खोली.

“ताई?” धाकटीने मान वर केली.

“पुढे,” थोरली म्हणाली.

खाली दोघींच्या सह्या झाल्या. जेवताना धाकटीने आपल्या डब्यातली भाजी तिच्या झाकणात वाढली. “ताई, खुर्ची तुम्हालाच मिळणार बघा. तुमच्याइतकं कुणाला येतं इथे?”

आली मोठी तोंडदेखलं बोलायला, थोरलीच्या मनात आलं. तिने भाजी खाल्ली, चांगली झाली होती.

जेवण उरकल्यावर तिने सहज विचारलं, “गोळ्यांचं बघितलं का गं बाईंनी?”

“नाही, त्या बाहेर गेल्यात. त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, ताईंनी ताडलंय ना, मग मी काय वेगळं बघणार? द्या पाठवून. मी पाठवलं छापखान्यात.”

थोरलीच्या डोळ्यांपुढे धान्याचं गोदामच आलं. गोळ्यांच्या डब्याशेजारी कुणी खाट टाकून झोपेल, लेबल वाचून म्हणेल, अपायच आहे ना, उघडू खिडकी सकाळी. तिने फोन ओढला.

“गोळ्यांचं लेबल थांबवा.”

“ताई, यंत्र चालू झालंय,” छापखानेवाला म्हणाला.

“बंद करा ते! छापलंय तेवढं फाडून टाका. जीव जाईल हो कुणाचा तरी!”

तिकडे यंत्र थांबलं, इकडे अख्खी कचेरी वळून बघू लागली. थोरलीने मूळ कागदावरची ती ओळ दाखवताच धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

संध्याकाळी मालकीणबाईंनी दोघींना समोर उभं केलं. “चूक माझी आहे, ताईंची नाही,” धाकटी रडत म्हणाली.

“लिहिणारीकडून चूक व्हायचीच, म्हणून तर वाचणारी लागते,” मालकीणबाई म्हणाल्या आणि थोरलीकडे वळल्या. “तुम्हाला दिसलं कसं नाही?”

“नजरेतून सुटलं,” थोरली म्हणाली.

“मग त्या खुर्चीवर तुम्हाला कशी बसवू?” मालकीणबाईंनी थोडा विचार केला. “उद्यापासून धाकटी बसेल. हा धडा ती विसरायची नाही.”

घरी जाताना दोघी शेजारी शेजारी चालत होत्या. कोपऱ्यावर धाकटी थांबली.

“ताई, त्या ओळीवर तुम्ही थांबला होतात. मी बघितलं होतं.”

दोन पावलं पुढे गेलेली थोरली वळली.

“मग पुढे का म्हणालात?”

“जळते मी तुझ्यावर,” थोरली म्हणाली. “झालं समाधान?”

“बाईंना मी सांगणार नाही.”

“सांग हवं तर.”

“नाही सांगणार,” धाकटी म्हणाली आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन चालू लागली. घरी पोहोचल्यावर सासूबाईंना आनंदाची बातमी थोरलीनेच सांगितली.

दुसऱ्या दिवशी थोरली आपलं भाषांतर घेऊन खिडकीजवळ गेली. मजकूर होता कपड्यांच्या साबणाचा, त्यात धोक्याचं असं काहीच नव्हतं. धाकटीने मूळ कागदावर बोट ठेवलं. थोरलीने पहिली ओळ वाचली आणि थांबली.

धाकटीने ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली. मग परत सुरुवातीपासून बघितली.

“पुढे,” ती म्हणाली.

थोरलीने दुसरी ओळ वाचली. बोट पुन्हा दोनदा फिरलं. प्रत्येक ओळीला तसंच चाललं होतं आणि थोरली कागद धरून, उभ्यानेच, वाट बघत होती.