माझ्या अंगावरची रिकामी गाठ

मी माटोळी बोलतेय. गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट, जिला रानातली फळं, फुलं, पानं, कंद बांधून सजवतात, ती मी. गोव्यात, पेडण्यातल्या इब्रामपूरला बाबाजींच्या घरात राहते. कृष्णनाथ मेस्ताने, म्हणजे सुताराने, मला फणसाच्या लाकडातून घडवलं. रंधा मारताना तो म्हणाला होता, "हिका काय जाऊचा नाय." हिला काही व्हायचं नाही म्हणून, आणि ते मी अजून खोटं ठरू दिलेलं नाही.

खरं सांगते, मी थोडी नटवी आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी नारळांचा झुबका, सुपारीचा घोस, केळीचा घड, पपनसासारखं तोरिंग, लालभडक कवंडळ असं एकेक अंगावर चढू लागलं की मला दुसरं काही सुचत नाही. त्यात कांगलां माझी लाडकी. पिवळ्याधमक, मोत्यांसारख्या फळांचे घोस, डोंगरातल्या वेलीवर येतात. आमच्या गावात माटोळीची स्पर्धा असते. परीक्षक घरोघर फिरतात आणि मान वर करून माझ्याकडे बघतात. बाबाजी तेव्हा जावयासारखे ताठ उभे राहतात.

पण हे सगळं पाच दिवसांचं. उरलेलं वर्ष मी रिकामी लोंबकळत असते. कोळी जाळी विणतात, पाली माझ्यावरून फेऱ्या मारतात आणि खाली माणसं जेवतात, भांडतात, टीव्ही बघतात. वर बघायची कोणाला फुरसत नसते.

मग घरात गौरवी आली. बाबाजींच्या मुलाची, प्रज्योतची बायको, माहेर डिचोलीजवळच्या सर्वणचं. बी.एस्सी. झालेली, पुढे शिकायचं राहून गेलेलं. लग्नानंतर तिने एक ऑनलाइन पदवी सुरू केली. विषय होता संवर्धन जीवशास्त्र आणि परिसरशास्त्र. सासूबाईंना, म्हणजे वत्सलाबाईंना, ते नाव काही केल्या पाठ होईना. शेजारणींना त्या सांगायच्या, "आमची सून रानाचा शिकता, पण घरात बसान."

घरात बसून शिकायचं तर नेटवर्क हवं. इब्रामपुरात ते कधी जनेलाशी, खिडकीपाशी येतं, कधी गोठ्याच्या मागे, आणि ऐन वर्गाच्या वेळी कुठेच येत नाही. गौरवी मोबाइल घेऊन घरभर फिरली. शेवटी कदेलावर, जुन्या खुर्चीवर चढून हात उंच केला तर दांड्या भरल्या. जागा नेमकी माझ्या काठाशी होती. तिने मोबाइल एका कापडी पिशवीत घातला, पिशवी मला टांगली आणि खाली लॅपटॉप उघडून बसली.

वत्सलाबाई कासावीस झाल्या. "अगो, ती गणपतीची माटोळी!"

"आई, सरस्वतीचा काम करता ती," गौरवी म्हणाली.

रोज हात धुऊनच पिशवी बांधायची, एवढीच अट वत्सलाबाईंनी घातली.

अशी मी वर्षभर कामाला लागले. शिकवणी खाली चालायची, पण ऐकायला मी वरच होते. परागीभवन, अन्नसाखळी, बीजप्रसार, सगळं कानावर पडलं. आंब्याला मोहोर कसा येतो एवढंही ज्या चौकटीला कधी कोणी सांगितलं नाही, तिला आता मोरजीच्या कासवांपासून म्हादईच्या वाघांपर्यंत सगळी खबर असायची. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

शेवटच्या सत्रात प्रकल्प करायचा होता. गौरवीने विषय निवडला कांगलांच्या वेलीचा. माटोळीच्या बाजारासाठी लोक वेली तोडून तोडून नेतात, त्यामुळे आमच्या डोंगरात जुनी, फळणारी अशी एकच वेल तिला सापडली होती. तिला फुलं कधी येतात, फळं कधी पिकतात, फुटल्यावर आतल्या लाल बिया कोणते पक्षी खातात, हे तिला टिपायचं होतं. फुलं झाली, हिरवी फळं झाली. पक्ष्यांचा भाग तेवढा राहिला होता, आणि तो चतुर्थीनंतर येणार होता.

"प्रकल्प झालो नाय तर वर्ष गेला," एकदा प्रज्योतला ती म्हणाली. "आणि एकदा सुटला काय परत माझ्यान होवचा नाय. माका म्हायती आसा."

पावसात डोंगर इतका माजतो की ओळखीची वेलही हरवते. खूण हवी. प्लास्टिकची रिबीन रानात बांधायची तिला लाज वाटली, म्हणून तिने केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा दोर वळला आणि वेलीला बांधला. आपण किती शहाणपणा केला, म्हणून खूशही झाली. दोर वळताना बाबाजींनी तिला बघितलं, पण कशासाठी ते ना त्यांनी विचारलं, ना तिने सांगितलं.

इब्रामपूरचं एक साधं माणूसही तिला सांगू शकलं असतं, पण विचारणार कोण? आमच्याकडे केळीच्या सोपाचा दोर बांधला की ती वस्तू गणपतीसाठी राखलेली. घडाला बांधा, तोरिंगाला बांधा, दुसरा कोणी हात लावत नाही. ज्याने बांधला त्याने चतुर्थीला काढून न्यायची. सर्वणच्या तिच्या माहेरी ही रीत नव्हती.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाबाजी कोयता घेऊन डोंगरात गेले. दुपारी आले ते नाचतच. खांद्यावर कांगलांचा एवढा मोठा भारा, की दारातून आडवं वळून आत यावं लागलं.

"गौरवी! बघ गो बाय! तुवा राखलेली वेल गावली माका! एवढी कांगलां आख्ख्या पेडण्यात कोणाकडे आसूची नाय!"

गौरवी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. भाऱ्यात तो केळीचा दोर तसाच होता. तिने तो सोडवून हातात घेतला.

"बाबा, खंयसून कापलात?"

"मुळातसून. वर चडतलो कोण? मुळात कापची आणि ओढची, सगळे तसाच करतत." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "कित्या गो? तुवाच दोर बांधलो मगे?"

तिने सगळं सांगितलं, मध्ये मध्ये थांबून. रडली नाही. बाबाजी मात्र खाली बसले ते बसलेच. मला ती कांगलां चढवली प्रज्योतने. आयुष्यात पहिल्यांदा ती मला जड वाटली.

त्या वर्षी आमचा पहिला नंबर आला. बाबाजी बक्षीस घ्यायला गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी एक नवल घडलं. घरातल्या दिव्यांच्या उबेने माझ्यावरची कांगलां तडकू लागली. पिवळी साल उलगडून आतून लाल बिया दिसायला लागल्या. आणि सकाळी आरतीआधी उघड्या जनेलातून एक बुलबुल आत आला, थेट माझ्या अंगावर! पाठोपाठ दुसरा. खाल्लं, शिटले, उडाले.

"देवाच्या पाटार शिटलो मेलो!" वत्सलाबाई फडकं घेऊन धावल्या.

"आई, पुसू नकात!" गौरवी त्यांच्याहून जोरात धावली. तिने ती शीट एका करवंटीत गोळा केली. त्यात बिया होत्या. बाबाजी कोपऱ्यातून हे बघत होते. विसर्जनाच्या दिवशी माटोळीचं सगळं उतरवून वाटलं गेलं, पण कांगलां त्यांनी कोणाला घेऊ दिली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घरात बिया पेरलेल्या करवंट्यांची रांग लागली. पाणी घालायचं काम बाबाजींनी स्वतःकडे घेतलं.

गौरवीने तिच्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक क्षमा मॅडमना सगळं कळवलं. मॅडम म्हणाल्या, जे झालं तेच लिही. तिने लिहिलं. वेल, दोर, कोयता, बुलबुल, सगळं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी पिशवी पुन्हा माझ्या गळ्यात आली. मी श्वास रोखून धरला होता, हललं की नेटवर्क जातं म्हणून. पडद्यावरच्या परीक्षकांनी विचारलं, "तुमची मुख्य वेल अर्ध्यातच गेली. मग या अभ्यासावर विश्वास का ठेवायचा?"

गौरवी वहीची पानं चाळू लागली. तेवढ्यात दारात बसलेले बाबाजी उठले आणि सरळ लॅपटॉपसमोर येऊन उभे राहिले. पडद्यावर त्यांचं अर्धंच तोंड दिसत असणार.

"साहेब, ती वेल मियां कापली. तिची चूक नाय. आमचो सगळो गाव मुळातच कापता. ह्या कोणी लिवकच नाय होता, आता तिणा लिवल्यान."

वत्सलाबाईंनी कपाळावर हात मारला. परीक्षक हसले. "आणि आजोबा, पुढच्या वर्षी?"

"पुढल्या वर्साक मूळ राखतलंय," बाबाजी म्हणाले, "आणि दुसऱ्यांकय कापूक दिवचंय नाय."

परीक्षकांनी त्यांचे आभार मानले आणि पुढचे प्रश्न गौरवीला विचारले. तिने भराभरा उत्तरं दिली. ती पास झाली. निकाल कळला तेव्हा तिने आधी माझ्याकडे वर बघितलं. कोणी मानो न मानो, मी बघितलं ते.

या पावसात करवंट्यांतली रोपं डोंगरावर गेली. कापलेल्या वेलीच्या बुंध्यालाही कोवळे फुटवे आले. गौरवी आता गावातल्या मुलांना घेऊन तिकडे जाते आणि बाबाजी पुढे वाट दाखवायला असतात.

यंदाच्या चतुर्थीला मला नारळ, सुपारी, कवंडळ सगळं बांधलं. मधोमध मात्र केळीच्या सोपाची एक गाठ तशीच रिकामी ठेवली. स्पर्धेचे परीक्षक आले, मान वर करून म्हणाले, "बाबाजी, कांगलां विसरल्यात?"

"विसरूक नाय. ती दोंगरार वाढता. तिची जागा राखून ठेवलंय."

यंदा नंबर गेला. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. वाटलं नाही. नटवी मी अजूनही आहे, पण त्या गाठीमुळे कमी पडल्यासारखं मला वाटत नाही.

तुम्ही कधी आमच्याकडे चतुर्थीला आलात तर वर बघा. मधली गाठ रिकामी दिसेल. चुकून राहिली असेल असं समजून काही बांधायला जाऊ नका. बाबाजी ओरडतील.