रातांब्यावरचं यंत्र

केतनचं नाव सिनेमात लागलं, ही बातमी दीप्तीनं देवरूखच्या एस.टी. स्टँडवरूनच फोन करून आईला कळवली, आणि ती वाडीवर पोचेपर्यंत प्रभावतीनं आजूबाजूच्या पाचसहा घरांत सांगूनही टाकली होती. सिनेमा अजून लागायचा होता, पण त्याचं संगीत आधीच मोबाइलवर आलं होतं. केतन मुंबईत एका संगीतकाराच्या हाताखाली काम करायचा. काय करतो म्हणून कुणी विचारलं तर प्रभावती सांगायची, "आवाज जमवतो." याहून जास्त तिला कळलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी माणसं घरापुढच्या खळ्यात जमली. दीप्तीनं कॉलेजातल्या मैत्रिणीचा छोटा स्पीकर आणला होता, तो तिनं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि मोबाइलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं भावाचं नाव सगळ्यांना दाखवलं. कुणाला वाचता आलं, कुणी नुसतीच मान हलवली.

संगीत सुरू झालं. धडाधड ढोल, मग लोखंडावर लोखंड आपटावं तसा काहीतरी आवाज.

"गाणं कधी चालू होणार?" धोंडूआजोबांनी विचारलं.

"गाणी नाहीत आजोबा. मारामारीचा सिनेमा आहे. मारामारी चालते तेव्हा मागे वाजतं ना, ते हे."

"म्हणजे मारामारी बघायची नाय, नुसती ऐकायची?"

लोक हसले. प्रभावतीही हसली आणि चहाचे कप भरत राहिली. तिला ते वाजणं काही आवडलं नव्हतं, छातीत धडधडत होतं. पण आपल्या पोराचं आहे म्हणून ती कौतुकानं ऐकत होती. शेजारच्या घरातली तिची जाऊ सखू मात्र ढोलावर मान डोलवत होती. शिमग्यात पालखी नाचवतात तेव्हा असंच वाजतं, असं ती म्हणाली.

"आता ऐका," दीप्ती म्हणाली. "हिरोचा मित्र मरतो तिथलं आहे. दादा म्हणाला, हे त्यानं एकट्यानं केलंय."

ढोल थांबले. खालून एक जाड, घुमणारा सूर आला आणि त्याच्यावर हळूहळू दुसरा काहीतरी आवाज चढू लागला. सारंगी म्हणावी तर सारंगी नव्हे, सनई म्हणावी तर सनईही नव्हे. लांबच लांब ओढलेला, मध्येच फाटणारा, खाली येता येता पुन्हा वर जाणारा.

प्रभावतीच्या हातातली किटली तिरकी झाली. चहा कपाबाहेर सांडला, बशीतून पायावर ओघळला. भाजलं, तरी तिनं पाय हलवला नाही. तो आवाज तिनं कधीही ऐकलेला नव्हता, तरी तो कुठून निघालाय हे तिच्या गळ्याला ठाऊक होतं.

"कुठलं वाद्य गो हे?" कुणीतरी विचारलं. "अंगावर काटा आला."

"दादालाच विचारायला पाहिजे," दीप्ती अभिमानानं म्हणाली.

प्रभावतीनं मान वर केली. समोर सखू बसली होती. तिचं डोलणं थांबलं होतं आणि ती प्रभावतीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. वाडीत तो आवाज आधी एकदा ऐकलेली, पहिली धावत आलेली, सखूच तर होती.

प्रभावती किटली खाली ठेवून परसात गेली. सखू मागोमाग आली.

"तूच गो ती," सखू हळूच म्हणाली.

दोन उन्हाळ्यांपूर्वी केतन सुट्टीला आला होता. पहाटेच्या पाखरांचे आवाज पाहिजेत म्हणून त्यानं विहिरीजवळच्या रातांब्याच्या झाडाला एक यंत्र टांगून ठेवलं आणि सकाळी कामासाठी देवरूखला निघून गेला. यंत्र चालूच राहिलं. प्रभावतीचा नवरा सखाराम विहिरीवर पाणी काढायला गेला आणि तिथंच कोसळला. प्रभावती धावत गेली तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानंतरचं तिला काही आठवत नव्हतं. आपण ओरडलो हेही तिला सखूनं नंतर सांगितलं होतं. यंत्राचं तर कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

माणसं गेल्यावर तिनं दीप्तीकडून केतनला फोन लावून घेतला; तो स्पीकरवरच होता.

"आई, ऐकलंस? कसं वाटलं?" त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

"मित्र मरतो तिथं जो आवाज हाय, तो कुणाचा?"

केतन सिनेमा कधी लागणार ते सांगू लागला.

"केतन, कुणाचा?"

"तुझा," तो म्हणाला. "आई, ओळखू येणार नाही इतका बदललाय मी. हळू केलाय, खाली आणलाय. दुसरं काही केलं तरी त्या जागी बसतच नव्हतं. सरांना..."

तिनं फोन दीप्तीच्या हातात दिला. दीप्ती आधी आईकडे बघत राहिली, मग फोनकडे. आपणच तो आवाज चारचौघांत मोठ्यानं लावला, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

त्यानंतर प्रभावती केतनचा फोन घेईना. जेवणखाण, गुरं, भाताच्या पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजायची भाजावळ, सगळं चालू होतं, पण बोलणं कमी झालं. तिला राग आला होता असंही नाही. रागाला धरायला काहीतरी लागतं. इथं तिला सारखं एकच दिसायचं: पोरगा एका बंद खोलीत बसलाय आणि आईचं ते ओरडणं पुन्हा पुन्हा लावून ऐकतोय, जरा लांबवतोय, जरा कापतोय, पुन्हा लावतोय. त्याचा हात कसा चालला, हे तिला कळत नव्हतं.

भरीला भर म्हणून एक दिवस दीप्तीनं न राहवून सांगितलं, की तो तुकडा आता मोबाइलवर सगळीकडे फिरतोय. कुणी मोटारसायकल उडवतानाच्या व्हिडिओला लावलाय, कुणी व्यायामाच्या. प्रभावतीनं दाखव म्हटलं. एक उघडाबंब तरुण वजनं उचलत होता, आरशात दंड बघत होता आणि मागे ती ओरडत होती. तिनं तो पूर्ण पाहिला. मग म्हणाली, "हा पोरगा कुठला?"

"काय माहीत, आई."

"त्याला तरी कुठं माहीत," ती म्हणाली आणि गुरांच्या वाड्यात पाणी दाखवायला गेली.

तिथं म्हशीपुढे घमेलं ठेवता ठेवता तिला एकाएकी सुचलं आणि ती होती तशीच थांबली. यंत्र पहाटेपासून चालू होतं. म्हणजे तिच्या ओरडण्याच्या आधीचंही त्यात असणार.

तिनं स्वतः फोन लावला.

"त्याच्या आधीचं हाय तुझ्याकडं?"

केतनला लगेच कळलं. "आहे. सगळं आहे."

"घेऊन ये."

तो गाडीनं संगमेश्वरला उतरून रिक्षा करून आला. खळ्याच्या कडेला चपला काढून तिथंच उभा राहिला. वर यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. प्रभावतीनं पाण्याचा तांब्या आणून पुढे केला. तो पाणी प्यायल्यावर ती म्हणाली, "बस. लाव."

त्यानं कानाला लावायचं काढलं. तिनं मान हलवली. "मोठ्यानं लाव. त्या पण ऐकतील." दीप्ती आणि सखू पडवीत येऊन बसल्या.

आधी बराच वेळ नुसती पाखरं. मग रहाटाची करकर. प्रभावतीनं पदर तोंडाशी धरला. पावलं जवळ आली आणि ठक्‌ ठक्‌ असा आवाज झाला. कुणीतरी यंत्रावर बोटानं टिचकी मारत होतं.

"हे काय लटकवलान यानं?" सखारामचा आवाज आला, अगदी पडवीत येऊन बोलावं तसा. "प्रभा, तुझा लेक पाखरांची भाषणं भरून घेतोय."

लांबून, घरातून, एका बाईचा वैतागलेला आवाज आला. "त्याच्या वस्तूला हात लावू नका. चाय निवतेय, या."

"आलो," सखाराम म्हणाला आणि हसला. मग पुन्हा रहाट करकरू लागला.

आपला नवरा आपल्याशी शेवटचं काय बोलला, हे तिनं दोन वर्षं आठवून पाहिलं होतं आणि काही म्हणता काही हाती लागलं नव्हतं. एवढंसं होतं ते. चाय निवतेय, या. आलो.

"थांबव," ती म्हणाली. केतनचं बोट आधीच तिथं होतं.

मग केतनच म्हणाला, "मी देवरूखहून आलो तोवर सगळे रडून थकले होते, आई. मला रडूच आलं नाही. पुढेही नाही. हे सापडलं तेव्हा मी पहिल्यांदा..." तो थांबला. "पुन्हा पुन्हा ऐकायचो. मग कधीतरी त्यावर काम करायला लागलो."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"होय," प्रभावती म्हणाली. "म्हणूनच विचारायचं होतंस."

तो मान खाली घालून बसला. त्याच्या खांद्यांना हिसके बसू लागले. तिनं त्याला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेली नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत तिथंच बसून राहिली.

"हे 'आलो'पर्यंतचं मला फोनात घालून दे," ती शेवटी म्हणाली. "पुढचं नको. ते तुझ्याकडंच असूं दे. आणि पुन्हा या घरात यंत्र टांगायचं असेल तर आधी मला सांगायचं."

तो दोन दिवस राहिला. जाताना तिनं पिशवीत आमसुलं भरून दिली. बोलणं पूर्वीसारखं लगेच झालं नाही, पण ती त्याचा फोन घेऊ लागली.

सिनेमा लागला तेव्हा वाडीतली माणसं टेम्पो करून रत्नागिरीला गेली. प्रभावती गेली नाही. दुसऱ्या दिवशी सखू तांदूळ निवडायला म्हणून येऊन बसली.

"त्या जागी थेटरात कुणी हूं का चूं केलं नाय," ती म्हणाली.

प्रभावतीनं सुपातला खडा बाजूला टाकला. "मेला त्याच्या मागं कोण होतं?"

"दाखवलं नाय. आई नाय, बायको नाय. एकटाच पडलेला रस्त्यावर. रडायलासुद्धा कोण नाय." सखूनं तिच्याकडे पाहिलं. "नुसता तुझा आवाज."

प्रभावतीनं सूप खाली ठेवलं.

"दिसायला कसा होता तो पोरगा?" तिनं विचारलं.