हौदाचं झाकण

कडुबानं टँकरची नळी जमिनीवर टाकली आणि हात जोडले.

“अण्णा, लई झालं. मालक म्हणतो, लोक तक्रार करतेत, उद्यापासून पुंडलिकनगरात जाऊ नको.”

“मग येऊ नकोस,” व्यंकटराव कडाडले. “झाकण उघडं टाकून गेलास. माझी नात गेली तुझ्यापायी.”

गेल्या उन्हाळ्यात चार वर्षांची मृण्मयी दारातल्या याच हौदात बुडाली. त्यानंतर पाऊस काही धड पडला नाही. गल्लीत नव्या इमारती मात्र उभ्या राहिल्या आणि टँकर येत राहिला. टँकर आला की व्यंकटरावांचा हा तमाशा ठरलेला.

दारातून सून उमा, मृण्मयीची आई, पुढे आली. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची, आणि फार छान शिकवायची. आजच तिनं वर्गात सांगितलं होतं, की जे पेलत नाही ते मन खोल पुरून टाकतं, नाहीतर दुसऱ्याच्या गळ्यात बांधतं.

“अण्णा, पुरे. कडुबाच्या पोटावर पाय येईल. झाकण तुमच्याकडूनच उघडं राहिलं. एकदा कबूल करा, तुम्हालाच हलकं वाटेल.”

व्यंकटरावांनी तिच्याकडे पाहिलं. वर्षभरात ती वाळून गेली होती, पण उभी होती. ते पायरीवर बसले.

“हो,” ते म्हणाले. “माझ्याकडूनच राहिलं. कडुबा, तुझ्या मालकाशी मी बोलतो.”

उमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिला म्हाताऱ्याची फार दया आली. ती चहा टाकायला आत गेली.

कडुबा जवळ सरकला.

“असं कसं अण्णा? तुम्ही तर त्या दिवशी लासूरला व्हता. नळी मी ताईच्या हातात दिली व्हती. आत फोन वाजला नि ताई...”

“हळू बोल.”

“ताईला आठवत नाय?”

“नाही. आणि आठवलं तर ती याच हौदात उडी घेईल.”

कडुबानं जमिनीवरची नळी उचलली. इतके दिवस शिव्या कशापायी खाल्ल्या, ते त्याला आत्ता कळलं.

उमा चहा घेऊन आली. कप पायरीवर ठेवून तिनं पदर खोचला.

“अण्णा, यापुढे तुम्ही हौदाजवळ यायचं नाही. नळी मी धरते.”

कडुबानं व्यंकटरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा त्यानं नळी तिच्या हातात दिली. तिनं झाकण सरकवलं. पाणी सुटलं.

आत फोन वाजला. नवरा हिमांशू वाळूजच्या कंपनीतून जेवणाच्या सुट्टीत याच वेळी फोन करायचा. उमानं नळी हौदात सोडली आणि लगबगीनं घरात गेली.

हौद उघडाच होता. व्यंकटराव गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि त्याच्या काठाशी जाऊन बसले.