चातुर्मासात सोडलेलं शेत

चातुर्मासात माणसं काय काय सोडतात. कोणी कांदा-वांगं सोडतं, कोणी गोड सोडतं, कोणी ताट सोडून पानावर जेवतं. नेरच्या विमलताईंचं कांदा-वांगं लग्नाआधीच सुटलेलं, गोडाची ओढ कधी नव्हतीच, आणि सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून महिन्यातले कितीतरी दिवस उपासाचेच. सोडायला म्हणून जवळ काही उरलं नव्हतं. तेव्हा आषाढी एकादशीला, नवरा अंथरुणाला खिळलेला असताना, त्यांनी देवापुढे हात जोडले आणि फोनातलं शेत सोडलं. कार्तिकापर्यंत त्याला हात लावणार नाही, याईले बरं वाटू दे, एवढंच म्हणाल्या.

फोनातलं शेत म्हणजे एक खेळ. नाव 'हिरवं शिवार'. मुलगी वैष्णवी नोकरीला पुण्याला गेली, तेव्हा आईचा वेळ जावा म्हणून तिनंच तो फोनात टाकून दिला होता. पेरायचं, पाणी द्यायचं, पीक काढायचं, शेजाऱ्याच्या शेतावरही नजर ठेवायची. विमलताईंचा त्यात असा काही हात बसला की कंपनीच्या यादीत त्यांचं नाव वर वर चढत गेलं. खेळातल्या त्यांच्या शेजारीण म्हणजे गल्लीतल्याच जैबुनबी. जैबुनबींचे मालक बशीरभाई विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. दुपारचं काम आटोपलं की दोघी ओट्यावर फोन घेऊन बसत आणि विमलताईंचे मालक पुंडलिकराव येता-जाता म्हणत, "तिकडं खरं वावर तणानं भरून राह्यलं, अन् ह्या बाया इथं बसून गाजरं उपटून राह्यल्या!"

पुंडलिकराव भाद्रपदात गेले.

भेटायला आलेल्या बाया रडल्या, डोळे पुसले, निघून गेल्या. विमलताई त्यांना पाणी देत होत्या. त्यांना रडू आलं नाही. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. चहा घेतला तर नुसतं गरम पाणी घशाखाली उतरे. भजनाला बसल्या तर टाळ दुसऱ्या गावात वाजत असल्यासारखे ऐकू येत. बहिणीनं आपला नातू त्यांच्या मांडीवर आणून दिला, तर त्यांनी त्याला नीट धरलं, टोपी सरळ केली आणि परत दिला. सुतक फिटल्यावर नेम मात्र एक चुकला नाही. पहाटेची आंघोळ, दिवा, पोथीचा अध्याय, सगळं हात आपलं आपण करून टाकायचे.

दिवाळीला वैष्णवी आली. दुखवट्याचं वर्ष, फराळ नव्हता की आकाशकंदील नव्हता. आईच्या फोनातला कचरा साफ करायला म्हणून ती बसली आणि एकदम उठून स्वयंपाकघरात आली.

"आई, तुले बोलावलं हाय त्याईनं!"

"कोणी?"

"खेळवाल्याईनं. 'नदीकाठ' नावाचा नवा खेळ येऊन राह्यला. बाजारात उन्हाळ्यात येईन. त्याच्या आधी निवडक लोकाईले खेळायले देऊन राह्यले, अन् मराठीत खेळणारे जुने लोक पायजेत त्याईले. पुण्यात पोरं याच्यासाठी जीव टाकतात, माहीत हाय? माझ्या हापिसात एकालेही नाही भेटलं."

"मंग त्याईलेच देऊन टाक."

"असं देता येत नाही नं! तुयं नाव हाय याच्यावर. हां, एक सोबती घेता येते संगं." वैष्णवीनं खाली वाचलं. "याच्यातली आखरी तारीख कार्तिकी द्वादशीले येते. तोवर उघडलं नाही तर जागा दुसऱ्याले जाईन, असं लिहिलं हाय."

"माझा नेम हाय, वैष्णू."

वैष्णवीनं फोन खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "आई, आता थो नेम कोणासाठी? बाबा तर..."

"देवाशी सौदा नव्हता केला मी," विमलताई म्हणाल्या आणि कणकेला तेलाचा हात लावून परात झाकून ठेवली.

म्हणाल्या खऱ्या, पण ते पुरतं खरं नव्हतं हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. सौदाही केला होता, तो फिसकटलाही होता, आणि त्याबद्दल देवाचा राग यावा तर तोही येत नव्हता. खरी गोष्ट वेगळीच होती. चहा चाखून झाला होता, भजन चाखून झालं होतं, नातू, शेजार, लेकीचं घरी येणं, सगळं चाखून झालं होतं आणि सगळं बेचव निघालं होतं. या घरात त्यांनी अजून न चाखलेली एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे हा खेळ. नेम होता तोवर त्यावर झाकण होतं. झाकण काढलं आणि आत तेच गरम पाणी निघालं, तर मग पुढे काय, हे त्यांना कळत नव्हतं.

वैष्णवीनं जाण्याआधी आईच्या नावानं होकार देऊन टाकला आणि नवा खेळ फोनात उतरवून ठेवला. "द्वादशीले तुया नेम भी सुटते. त्या दिवशी उघड. उघडशील नं?"

"पाहू."

द्वादशी आली. चातुर्मासाचा नेम सोडायची रीत अशी, की जे सोडलं ते आधी दुसऱ्याला द्यायचं आणि मग आपण घ्यायचं. वांगं सोडलं असेल तर कोणाच्या तरी घरी वांगी द्यायची. ही रीत विमलताईंनी आजवर एकदाही चुकवली नव्हती. दीर सदाशिवराव सकाळी वावरातून तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊन आले, त्यांनी विचारलं, "वैनी, औंदा काय सोडलं होतं तुमी?"

"फोनातला खेळ, भाऊजी."

"माय वं! खेळाचं कायचं दान करता? देवाले भी समजणार नाही थे."

विमलताईंनी शेंगा सोलायला घेतल्या. पण दुपारी नारळ आणि फोन घेऊन त्या जैबुनबीच्या दाराशी गेल्या. जैबुनबी खाटेवर बसून बशीरभाईच्या सदऱ्याला बटण लावत होत्या.

"हे घे," विमलताईंनी नारळ त्यांच्या ओटीत ठेवला. "अन् फोन काढ तुया. नव्या खेळात एक सोबतीची जागा हाय, थे तुले देतो."

"नारळ कायले?"

"दान हाय. नेमाचं."

"अरे अल्ला!" जैबुनबी हसल्या. "मले भटजी केलं का वं तू? दक्षिणा कुठी हाय मंग?"

"खेळ हीच दक्षिणा."

"भटजी तर जेवतेही. जेवाले काय बनवलं?"

"तुरीच्या दाण्याची आमटी हाय. पाठवतो."

"हां, मंग चालते." जैबुनबींनी दाताने दोरा तोडला आणि उशाखालून फोन काढला.

विमलताईंनी खेळ न उघडताच निमंत्रणातलं बटण दाबलं आणि जागा त्यांच्या फोनात गेली. पडद्यावर धुकं आलं, धुक्यातून नदी आली, काठावर एक उघडं पडीक रान आलं. मग अक्षरं उमटली. जैबुनबी एकेक शब्द जोडत वाचू लागल्या. "'आपण या भूखंडावर बीजारोपण करू इच्छिता काय?' हे काय भाषा हाय वं? वावर पेरू का, एवढं सरळ विचारता येत नाही याईले?"

"म्हणूनच तर जुने लोक बोलावले त्याईनं. चुका सांगायले."

"मी सांगतो ना. रोज सांगतो." जैबुनबींनी बोट दाबून वाटाणा पेरला, पाणी दिलं, नदीतून एक मासाही काढला आणि मग मान वर केली. "चाल, आता तू उघड."

"आज नाही."

"आज आखरी दिन हाय म्हणाली नं तू?"

"जाऊ दे मंग."

जैबुनबींनी फोन खाटेवर ठेवला. "नेम सुटला. दान भी झालं. आता काहून?"

विमलताई दाराच्या चौकटीकडे पाहत राहिल्या. गल्लीतून कापसाची एक गाडी बाजाराकडे गेली, तिच्या मागे थोडा कापूस उडत गेला. "हे भी बेचव निघालं तर?" त्या म्हणाल्या.

जैबुनबींनी 'असं नको बोलू' म्हटलं नाही. त्यांनी सदऱ्याची घडी घातली. "माझी अम्मा गेली नं," त्या म्हणाल्या, "तवा भाजीत नमक पडलं का नाही, मले समजेच ना. कधी खारट, कधी आळणी. बशीर मुकाट खात गेला बिचारा. एक दिवस मीच इचारलं, काहून नाही बोलत हो? तर म्हणते, बोललो असतो तर तू पकवणंच बंद केलं असतं." त्यांनी विमलताईंचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. "बेचव निघालं तर निघालं. उघड."

विमलताईंनी खेळ उघडला.

धुकं आलं. नदी आली. पाणी खरंच सुरेख काढलं होतं, काठाशी हिरवट, मधे काळसर. विमलताईंनी पडीक रानावर बोट फिरवलं, ढेकळं फुटली. वाटाण्याची एक ओळ पेरली. कोंब वर आला, त्यावर एक इवलासा निळा पक्षी बसून उडाला. पलीकडच्या काठावर जैबुनबीचं वावर दिसत होतं. विमलताईंनी सवयीनं तिकडंही पाणी सोडलं.

काही झालं नाही. आत काहीही हललं नाही. जे त्यांना वाटत होतं तेच निघालं आणि त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

पडद्यावर नदी थांबली आणि पाच चेहरे ओळीनं आले. एक खळखळून हसणारा, एक हसरा, एक सरळ ओठांचा, एक उदास, एक रडका. वर लिहिलं होतं, 'आपल्याला कसे वाटले? कृपया प्रामाणिकपणे सांगा.'

"हसणारा दाब, हसणारा," जैबुनबी खांद्यावरून म्हणाल्या. "नाही तर काढून टाकतीन तुले."

विमलताईंनी सरळ ओठांचा चेहरा दाबला. खाली लिहायला एक रिकामी चौकट उघडली. त्या एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहू लागल्या. जैबुनबी बाजूला सरकल्या, पण नजर तिथंच होती.

'खेळ चांगला आहे. नदी छान आहे. पेरणीची भाषा सोपी करावी. मला काही वाटले नाही. यात खेळाचा दोष नाही. मला सध्या कशाचेच काही वाटत नाही. माझे मालक भाद्रपदात गेले.'

"हे भेजतेस?" जैबुनबींनी विचारलं.

"त्याईनं विचारलं नं."

"त्याईनं खेळाचं विचारलं वं."

"कसं वाटलं म्हणून विचारलं." आणि विमलताईंनी ते पाठवून दिलं.

वैष्णवीला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. दिराला नाही, भजनातल्या बायांना नाही, देवाला तर नाहीच. कुठल्या गावात, कोण्या टेबलावर, कोणतं पोरगं ते वाचणार होतं, त्यांना ठाऊक नव्हतं. कदाचित वाचणारही नव्हतं. पण एकदा लिहून झालं होतं.

पडद्यानं आभार मानले आणि अजून एक प्रश्न आणला. 'आपण उद्या पुन्हा खेळाल का?' खाली तीन उत्तरं होती. हो. नाही. सांगता येत नाही.

विमलताईंचं बोट बराच वेळ वरच राहिलं. 'हो' दाबायला ते जाईना आणि 'नाही' दाबायलाही जाईना. शेवटी त्यांनी तिसरं दाबलं. खेळानं तेही घेतलं. कुठलीच खळखळ न करता नदी पुन्हा वाहू लागली.

"मी तर हो दाबीन," जैबुनबी म्हणाल्या. "पण इमल, तू नाही आली तर समोरच्या काठावर मी पाणी कोणाच्या वावरात सोडू?"

"माझ्याच सोड."

"अन् पीक आलं तर?"

"आलं तर काढून घेजो," विमलताई म्हणाल्या. उठावंसं वाटत नव्हतं आणि बसावंसंही वाटत नव्हतं, म्हणून बसल्या होत्या. "नाही तर थांब," त्या म्हणाल्या. "वाटाणा लवकर काढला तर कोवळा निघते. मले आवाज देजो."