लाटसाहेबाची पाठ

"तुमास्नीच काय, कुनालाच पटायचं न्हाई, पन ह्या लाटसाहेबाच्या कुत्र्याला आमी सलाम ठोकायचो," असं म्हणत धोंडीरामनं पुतळ्याचा संगमरवरी बूट फडक्यानं पुसला.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या चौकांतले दगडी गोरे साहेब उचलून शहराबाहेरच्या माळावर आणून ठेवले, तेव्हा राखणीला माणूस हवा होता. साताऱ्याकडचा धोंडीराम आपणहून आला. त्यातल्या एका साहेबाचा तो जुना अर्दली. जन्मभर ज्याचे चामड्याचे बूट पुसले, त्याचेच आता दगडाचे पुसत होता.

समोर पहाडगंजचा भालचंद्र वही घेऊन बसला होता. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात छापून येणार म्हटल्यावर धोंडीरामची जीभ सैल सुटली. साहेबाच्या विलायतेतल्या वाड्यात खोल्या इतक्या, की नवी नवरी आत गेली ती आठवडाभर सापडेना. साहेब गव्हर्नर झाला, तेव्हा हत्तीनं आधी त्याच्या घराण्याची चौकशी केली, मगच गुडघे टेकले.

"अच्छा! आणि लढाईतलं, काका?"

धोंडीरामनं घसा खाकरला. पहिल्या महायुद्धात, इराकच्या वाळूत, त्याच्या मांडीत गोळी शिरली. इथवर गोष्ट खरी होती. पूर्वी तिच्यात त्याचा थोरला भाऊ कृष्णातही असे. पण कृष्णातचं नाव आलं की ऐकणारे विडी पेटवत, साहेबाचं आलं की पुढे सरकत. मग कृष्णात एका वर्षी साहेबाच्या मागून चालू लागला, पुढच्या वर्षी पाण्याची पखाल घेऊन लांब उभा राहिला, आणि एक दिवस गोष्टीतून निघूनच गेला. धोंडीरामनं त्याला हाक मारली नाही.

त्याची भावजय हौसाबाई मघापासून मागे उभी होती. आज कृष्णातचा म्हाळ. खोलीवर खीर-वडे करून पितराचं पान वाढलं होतं, आणि दिराला बोलवायला ती आली होती.

"लिवा," धोंडीराम म्हणाला. "साहेबानं मला सोता पाठीवर घेतलं. लॉर्डाचा ल्योक, पन गोळ्यांच्या पावसात छावनीपातुर आनलं."

भालचंद्रचं पेन भराभर चाललं. हे काय लिहिता, म्हणून हौसाबाईनं विचारलं. छापलं की कायमचं राहील, आजी, असं तो वर न बघताच म्हणाला.

ती पुतळ्याला वळसा घालून मागे गेली. त्या रुंद, पांढऱ्या पाठीकडे नीट बघून घेतलं. मग पदर सारखा करून दिरासमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, साहेबानं आनलं व्हय तुमास्नी? मग तुमास्नी पाठीवर घिऊन येताना ज्यानं गोळी खाल्ली, त्याचं पान घरात वाढलंय. ते काढून ठिवू का?"